एकोणचाळिसावी ओळ, चौथी लादी

माझ्या बाबांचा उजवा डोळा गिट्टीच्या एका कपचीनं नेला, तेव्हा मी चौथीत होते. आई आणि बाबा दोघंही पट्टीवर, म्हणजे विमानांच्या धावपट्टीवर, दुरुस्तीला लागणारी गिट्टी फोडायचे. सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती करायची, तिच्यात दगड बसवायचा, म्हणजे तुकडे उडत नाहीत, आणि हातोडीनं दिवसभर फोडत राहायचं. तुकडे उडत नाहीत हे म्हणायला. आईच्या बोटांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. भाकरी थापताना ती त्या सोडायची आणि जेवणं झाली की पुन्हा बांधायची. डोळा गेला त्याच्या आठव्या दिवशी बाबा डोळ्यावर फडकं बांधून कामावर हजर झाले. मुकादमानं विचारलं तर म्हणाले, "एक हाये ना अजून." पुढे आमच्या घरात ती म्हणच झाली. तेल संपून नुसतं मीठ उरलं की आई म्हणायची, "एक हाये ना अजून."

एकदा मी गंमत म्हणून बाबांची हातोडी उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मी शिकले ती अशी. अमरावतीला वसतिगृहात राहून, भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर मी. हे मी अजून मिरवते आणि मिरवायची मला लाज वाटत नाही.

नोकरी लागली ती त्याच पट्टीवर. हवाई दलाच्या धावपट्टीच्या देखभालीसाठी एक स्थापत्य विभाग असतो, त्यात पर्यवेक्षक म्हणून. ज्या काँक्रीटखाली आईबाबांनी फोडलेली गिट्टी होती त्याच्यावर मी बूट घालून, हातात रजिस्टर घेऊन चालू लागले.

केळापूरकडे जाताना रस्त्यापासून आत वळलं की तारेचं कुंपण लागतं, त्याच्या आत ही पट्टी आहे. आमची माणसं तिला 'इमानाची पट्टी' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ती बांधली. शेतं घेतली, एक गाव उठवून दोन कोस पलीकडे बसवलं आणि काही महिन्यांत काँक्रीट ओतून मोकळे झाले. लढाई संपली, गोरे गेले, पट्टी राहिली. मग ती आपल्या हवाई दलाकडे आली. इथे लढाऊ विमानांचा ताफा नाही, हँगर नाही. लोक विचारतात, मग ती आहे कशाला? तर घरात चार माणसांसाठी सहा ताटं असतात ना, तसं. मोठ्या तळावरची धावपट्टी बंद पडली, वाटेत एखाद्या विमानात बिघाड झाला, कुठे पूर आला आणि सामान उतरवायचं झालं, तर उतरायला एक जागा तयार पाहिजे. वर्षातले तीनशे दिवस तिच्यावर टिटव्या चालतात. पण कुठल्याही दिवशी वरून निरोप येऊ शकतो, आणि त्या दिवशी "थोडं थांबा, झाडून घेतो" असं म्हणता येत नाही.

ती एकसंध रस्त्यासारखी नाही. काँक्रीटच्या मोठमोठ्या लाद्या शेजारी शेजारी ओतलेल्या आहेत आणि मधल्या सांध्यांत डांबर भरलेलं आहे. एका ओळीत सहा लाद्या, अशा कितीतरी ओळी. प्रत्येक लादीला नंबर. खाली आपली काळी माती, म्हणजे बिनभरवशाची सासू. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर लादी गुळगुळीत दिसते आणि खाली पोकळी झालेली असते. शिवाय इंजिन हवा ओढतं तेव्हा पट्टीवरचा खडाही ओढून घेतं. हरभऱ्याएवढा खडा विमान बंद पाडू शकतो. म्हणून रोज सकाळी पट्टी पायी चालायची, खडे वेचायचे, सांधे बघायचे, नोंद करायची. आणि विमान येणार असेल तर एका कागदावर सही करायची, 'पट्टी उतरण्यास योग्य'. ती सही माझी. मी त्या सहीवर जीव टाकायचे.

आता हमीद.

हमीद माझ्याच वर्गातला. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली आणि वडिलांच्या गॅरेजमध्ये बसला. पट्टीवर गवत कापायचा ट्रॅक्टर आणि रोलर चालवायला कंत्राटदारानं त्याला घेतलं, ते माझ्या नोकरीच्या दोन वर्षं आधी. मी रुजू झाले त्या दिवशी तो सर्वांसमोर म्हणाला, "जयभीम मॅडम," आणि जवळ येऊन हळूच, "नंदा, वहीत गणितं अजून चुकतात काय तुही?" मी हसले नाही. शाळेत माझी गणितं कधी चुकली नव्हती. त्याचीच मी करून द्यायचे.

पट्टीवर पाय ठेवण्याआधी हमीद चपला काढायचा. उन्हाळा असो की हिवाळा, सकाळी सकाळी अनवाणी चालायचा आणि हातातल्या सब्बलीच्या, म्हणजे पहारीच्या, बुडानं लादीवर ठोकत जायचा. एकदा मी टोमणा मारला, "काय हमीदभाई, दर्गा हाये का हा?"

"नाही मॅडम. दवाखाना हाये."

बाकीचे मजूर हसले. मला ते ढोंग वाटायचं. हवाई दलाच्या साहेबांसमोर दाखवायला करतो असं वाटायचं. आणि साहेब लोकही असे, की कुठे काही खुट्ट झालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "पहले हमीद को बुलाओ." साहेब बदलले, दर दोन-तीन वर्षांनी नवे यायचे, पण हे वाक्य चार्जाबरोबर पुढच्याला देऊन जायचे की काय कोण जाणे.

सोयाबीनचं उदाहरण सांगते. आमच्या भागात सोयाबीन आलं आणि पट्टीची डोकेदुखी सुरू झाली. काढणीच्या दिवसांत माणसाला सपाट, तापलेली, स्वच्छ जागा लागते, आणि दोन कोस चालून गेलं तरी एवढी सुंदर जागा कुठे मिळणार? कुंपणाच्या तारा वाकवून लोक आत यायचे आणि पट्टीच्या टोकाला सोयाबीन वाळत घालायचे. सोयाबीन आलं की होले, पारवे आले. पक्षी इंजिनात गेला तर काय होतं ते सांगायला नको. मी नोटीस काढली. चांगल्या मराठीत, कलमांसकट, टाइप करून कुंपणाला लावली. दुसऱ्या दिवशी नोटिशीच्या खालीच सोयाबीन पसरलं होतं. एका म्हातारीला मी हटकलं तर म्हणाली, "वाचता येत असतं तं इतं आली असती काय, माय?"

साहेबांनी हमीदला बोलावलं. हमीदनं नोटीस वगैरे काढली नाही. गावात जाऊन दोन ओसऱ्यांवर चहा पिऊन आला आणि गॅरेजसमोरचं मोकळं अंगण रोलर फिरवून, शेणानं सारवून देतो म्हणाला. लोकांनी पोती उचलली. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'अतिक्रमण हटविण्यात आले.' कोणी हटवलं ते लिहिलं नाही.

खरं सांगायचं तर नुसत्या साहेबांच्या शाबासकीनं मी जळले नसते. घरीही हमीदच होता. आई गेल्यावर बाबा एकटे पडले होते. मी कामावरून घरी पोहोचायचे तर हमीद आधीच ओट्यावर बाबांसमोर बसलेला, मध्ये रिकामे कप. मी आले की दोघं गप्प व्हायचे. मी विचारायचे, "काय चालू हाये?" बाबा म्हणायचे, "काही नाही, जुनं-पानं." ज्या दिवशी हमीद यायचा नाही, त्या दिवशी बाबा एका डोळ्यानं रस्त्याकडे बघत बसायचे. मी दहा प्रश्न विचारले तर दोनांची उत्तरं द्यायचे. मी त्यांची एकुलती एक मुलगी, शिकलेली, कमावती, आणि माझ्या बापाला बोलायला सातवी शिकलेला ट्रॅक्टरवाला लागत होता.

त्यात एक दिवस निरोप आला, की मोठं मालवाहू विमान पट्टीवर उतरवून बघणार आहेत. इतकं जड विमान इथे कधी उतरलं नव्हतं. आमची धावपळ सुरू झाली. सांधे भरले, गवत कापलं, गिट्टीनं भरलेला ट्रक ओळीओळीनं पट्टीवरून फिरवला. असं वजन फिरवलं की कच्ची लादी दबते आणि लक्षात येते. एकही लादी दबली नाही. मी कागद तयार केला, सही केली आणि वर पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडेच्या सपाट काळ्या खडकावर बसून चहा पीत होते. तो खडक जमिनीबरोबर असलेला, चटईएवढा. रजिस्टर मांडीवर घेऊन मी रोज तिथेच बसायचे. हमीद अनवाणी आला.

"एकोणचाळिसाव्या ओळीतली चौथी लादी पोकळ हाये, मॅडम."

"ट्रक गेला तिच्यावरून."

"ट्रक गेला. इमान चाकं टेकवते तितं. थे वजन आदळते, चालत नाही." आणि मग जरा थांबून, "खाली पाण्याची जागा हाये."

"कोणं सांगितलं?"

तो सब्बल खांद्यावर टाकून उभा राहिला. त्याच्या त्या गप्प राहण्याचा मला इतका राग आला, की मी म्हटलं, "भूशास्त्र मी शिकले हमीदभाई, तुम्ही नाही. नकाशा माह्याजवळ हाये. नकाशावर तितं काही नाही."

"नकाशावर नाही, थे खरं हाये," तो म्हणाला आणि ट्रॅक्टरकडे गेला. साहेबांकडे तो गेला नाही. गेला असता तर साहेबांनी ऐकलं असतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सही माझी होती म्हणून तो थांबला होता. तेव्हा मला ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

विमान यायला चार दिवस उरले होते. संध्याकाळी मी बाबांसमोर हमीदचं गाऱ्हाणं मांडलं. "तुमचा हमीद आता मले भूशास्त्र शिकवून राह्यला. लादीखाली पाणी हाये म्हणते."

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कोणती लादी?"

"एकोणचाळिसाव्या ओळीतली चौथी."

"थे नंबर मले नाही समजत. काळ्या चटानीपासून चाळीस पावलं हाये काय?"

मी त्या काळ्या खडकावर बसून लादीकडे पाहिलं होतं. हिशेब मनातच झाला. जवळपास तेवढीच असतील.

"विहीर हाये तितं," बाबा म्हणाले. "पाटलाची. उठवलेल्या गावाची. पट्टी बांधाच्या टायमाले बुजवली. बुजवली म्हंजे, वरून दगड-माती लोटली आन् काँक्रीट ओतलं. घाई होती त्याईले. माही माय मुरूम वाहत होती तितं, मी तिच्या संगं होतो. आमाले त्या विहिरीवर चढाची मुभा नव्हती. माय त्या चटानीपाशी घागर घेऊन उभी राहे, मी तिचा पदर धरून. कोणाले दया आली तं थो येऊन वरून पाणी वते. कधी दुपार होये. कोणी पाह्यत नसलं का मी पावलं मोजत जावो. चटान ते विहीर. चाळीस."

ती चटान म्हणजे माझी चहाची जागा.

ज्यांना त्या विहिरीचं पाणी मिळायचं त्यांचं गाव दोन कोस पलीकडे गेलं, त्यांना नवी विहीर मिळाली, ते जुनी विसरले. नकाशा काढणारे परके होते. आमच्या लोकांना कोणी विचारलंच नव्हतं. पण ते नंतर माझ्या मनात आलं. त्या वेळी मला एवढंच झोंबलं, की हे हमीदला माहीत होतं.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुले कायले सांगू? तू बूट घालून त्या पट्टीवर चालून राह्यली. मले तेवढंच पाह्याचं होतं. त्यात थे घागरीचं कायले घालू?"

"मंग हमीदले काहून सांगितलं?"

"त्यानं इचारलं," बाबा म्हणाले. "डोळा गेल्यावर मी लादी पायानं पाहो. चप्पल काढून उभं राह्याचं, शेजारी सब्बल मारायची. भरीव लादी मारलेल्या जागीच वाजते. पोकळ लादी तळपायात येते. थे त्यानं पाह्यलं आन् इचारलं. तुनं कधी इचारलंच नाही, बाई."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं.

सकाळी उजाडताना मी पट्टीवर गेले. आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं आणि बूट काढले, मोजेही काढले. काँक्रीट गार होतं. तिसऱ्या लादीवर उभी राहून मी सब्बल मारली, काही नाही. चौथीवर मारली. तळपायाला मुंगी आल्यासारखं झालं, बस एवढंच. मला वाटलं भास असेल. पाच वेळा मारली. पाचही वेळा तेच झालं.

साहेब कार्यालयात आले तेव्हा मी दारात उभी होते. मी म्हटलं, मला सही परत घ्यायची आहे. आयुष्यात हे वाक्य बोलण्याची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

"ट्रक टेस्ट ठीक थी ना?"

"हो सर."

"नक्शा?"

"नकाशावर काही नाही. पण लादीखाली विहीर आहे."

"किसने बताया?"

इथे मी जे केलं ते इतक्या वर्षांनी लिहिताना हात थांबतो. मी म्हटलं, "स्थानिक माहिती आहे, सर." पत्रातही तेच लिहिलं. 'स्थानिक माहितीच्या आधारे.' बाबांचं नाव घेतलं तर घागर आणि चटान सांगावी लागली असती, ती मला साहेबांच्या टेबलावर मांडायची नव्हती, हे खरं. पण हमीदचं नाव न घ्यायला असं कुठलंच कारण नव्हतं. नुसतं पोटात दुखत होतं.

साहेबांनी पत्र वाचलं, पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पहले हमीद को बुलाओ."

भोक पाडायचं यंत्र हमीदनंच चालवलं. काँक्रीट संपलं आणि यंत्र एकदम खाली गेलं, पायरी चुकावी तसं. भोकातून जुन्या, कोंडलेल्या पाण्याचा वास आला. मी वजन बांधून टेप खाली सोडला. नऊ फूट गेला, मग दगडाला लागला. नऊ फूट पोकळीवर ती लादी नुसती सवयीनं टिकून होती. साहेबांनी भोकात वाकून बघितलं. नंतर त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि वर फोन लावायला गेले.

विमान पुढे ढकललं. आम्ही लादी फोडली, विहीर तळापासून दगड आणि काँक्रीटनं भरत वर आणली, नवी लादी ओतली, तिला पाणी मारत राहिलो. ती पक्की होईपर्यंत हमीद दिवसातून दोनदा येऊन बघून जायचा, मीही जायचे. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो.

विमान आलं त्या दिवशी अर्धा तालुका कुंपणाबाहेर जमला होता. आर्णीपासून माणसं मोटरसायकलवर तिघं तिघं बसून आली होती. मी आत होते, माझ्या जागेवर. बाबांना हमीदनं कुंपणाजवळ आणून उभं केलं होतं. विमान खाली आलं, चाकांतून धूर निघाला, आणि ते नव्या लादीवरूनच पुढे गेलं. मी बाबांकडे बघितलं. ते विमानाकडे बघतच नव्हते. चपला काढून, मान खाली घालून उभे होते. मग मान वर करून त्यांनी काहीतरी म्हटलं. मी नंतर हमीदला विचारलं, बाबा काय म्हणाले?

"बरोबर हाये म्हणाले."

मला नाही म्हणाले. हमीदला म्हणाले.

पुढे मला प्रशस्तिपत्र मिळालं. वेळेवर धोका ओळखून अपघात टाळल्याबद्दल, माझ्या एकटीच्या नावानं. पत्र माझं होतं, नाव माझं होतं, दुसरं कुणाचं येणार? हमीदनं टाळ्या वाजवल्या, खऱ्या मनानं. घरी ते मी बाबांना दाखवलं. त्यांनी काचेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हमीदले काय भेटलं?" मी ते भिंतीवर लावलं नाही. पेटीत ठेवलं. साड्यांच्या खाली ते अजून आहे.

त्यानंतर मी अनवाणी चालायला शिकले. बाबा होते तोवर सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडून शिकले आणि ते गेल्यावर, हो, हमीदकडून. मला बऱ्यापैकी येतं आता. पण हमीद सब्बल न मारता, नुसतं चालून सांगतो, ते मला जमलं नाही. शेवटपर्यंत जमलं नाही. त्याचा हेवा मला अजून वाटतो. माझ्या बापानं त्याला जे दिलं त्याचा तर वाटतोच वाटतो. हेवा वाटणं थांबलं असं लिहिलं तर खोटं होईल.

निवृत्तीच्या आधी शेवटच्या महिन्यात पट्टीचा नवा नकाशा संगणकावर तयार झाला. प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना होता, 'माहितीचा स्रोत'. बहुतेक ठिकाणी 'जुना आराखडा' असं लिहिलेलं. मी एकोणचाळिसाव्या ओळीशी आले आणि लिहिलं. मग कागदाची छापील प्रत घेऊन गॅरेजवर गेले. हमीदनं चष्मा लावून ती नीट पाहिली. दाढी पांढरी झाली आहे आता त्याची. खालच्या नावावर त्यानं बोट ठेवलं. मग म्हणाला, "चाळीस पावलं लिहिलं तुनं. बाबा लहान होते तवा. मोठ्या माणसाची अठ्ठावीस होतात."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन मोजली. अठ्ठावीसच होती. मी आकडा दुरुस्त केला नाही. फुटांचं माप शेजारी होतंच.

तर आता हवाई दलाच्या नकाशावर ती विहीर आहे. एकोणचाळिसावी ओळ, चौथी लादी, बुजवलेली विहीर, काळ्या खडकापासून चाळीस पावलं. माहितीचा स्रोत : नामदेव, गिट्टीमजूर, आणि हमीद, ट्रॅक्टरचालक. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी सही आहे.